धुऱ्यावरचे इलेक्ट्रॉन

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिलिकॉनवर त्याचं स्वतःचं ऑक्साइड सहज तयार होतं आणि ते उत्तम इन्सुलेटर आहे, असं आम्हाला शिकवलं. मग स्ट्रॉन्शियम टायटनेटसारखं दुसरंच स्फटिकी ऑक्साइड त्यावर बसवायचा खटाटोप कशासाठी? आणि दोघांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन नेमकं काय करतात? पुस्तकात फक्त एक उभी रेघ आहे.
– एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, ती रेघ मलाही कधी पटली नाही. तू शेतकऱ्याच्या घरची असशील तर ‘सांधा’ म्हणण्याऐवजी ‘धुरा’ म्हण, म्हणजे दोन वावरांमधली हद्द. धुऱ्यावर जे उगवतं ते ना या वावरात असतं, ना त्या वावरात.

आधी सिलिकॉनचं वावर पाहू. आतल्या प्रत्येक अणूचे चारही हात, म्हणजे बंध, शेजाऱ्यांनी धरलेले असतात. स्फटिक जिथं संपतो तिथं मात्र हात रिकामे राहतात, आणि अशा पृष्ठभागावर एका चौरस सेंटीमीटरला अणू किती, तर सातावर चौदा शून्यं. हे रिकामे हात इलेक्ट्रॉन धरून ठेवतात. मे महिन्यातली आपली काळी जमीन आठव. भेगा अशा, की मनगटापर्यंत हात जावा. पाणी सोडलं की आधी त्या भेगाच पितात, सरीच्या टोकापर्यंत थेंब जात नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन बार्डीननं १९४७ साली नेमकं हेच सांगितलं होतं : बाहेरून व्होल्टेज लावलं तरी तो भार पृष्ठभागावरच्या अवस्थाच (इलेक्ट्रॉन धरणाऱ्या त्या रिकाम्या जागा) गिळतात, आतल्या सिलिकॉनला पत्ता लागत नाही.

या भेगा बुजवल्या त्या सिलिकॉनच्या स्वतःच्या ऑक्साइडनं. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत १९५९च्या सुमारास अटाला आणि काह्‌ंग यांनी त्यावरच मॉस (धातू-ऑक्साइड-अर्धवाहक) ट्रान्झिस्टर उभा केला. हे ऑक्साइड काचेसारखं आहे, त्यात अणूंच्या ओळी नाहीत. म्हणून ते जिथं जसं जमेल तसं हात धरतं, आणि उरलेसुरले हात हायड्रोजननं बंद करता येतात. इतकी वर्षं सगळी चिप याच्यावर चालली. पण ट्रान्झिस्टर लहान करता करता हा थर १.२ नॅनोमीटरवर आला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्यातून सरळ पार जाऊ लागले. जाड थर ठेवूनही तेवढंच काम व्हायचं तर पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तेवढ्याच व्होल्टेजला किती भार साठवता येतो त्याचं माप) मोठा हवा. सिलिकॉन डायऑक्साइडचा ३.९, आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटचा सुमारे ३००. तुझ्या ‘कशासाठी’चं पहिलं उत्तर हे.

पण हे स्ट्रॉन्शियम टायटनेट सिलिकॉनवर बसवायचं कसं? माझे वडील चौफुलीवर कपाशी लावायचे. उभे-आडवे दोर धरायचे, जिथं फुली पडेल तिथं सरकी टोबायची. मी दोराचं एक टोक धरून उभा असे. पीक हातभर झालं की डवरा उभाही चाले, आडवाही चाले. बांधावर कोपऱ्यात उभं राहिलं की तिरप्या ओळीही तेवढ्याच सरळ दिसायच्या, फक्त अंतर जास्त. ते तिरपं अंतर इथं कामाला येतं. सिलिकॉनच्या चौकोनाची बाजू ५.४३ अँगस्ट्रॉम (एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम). स्ट्रॉन्शियम टायटनेटची बाजू ३.९०५. सरळ ठेवलं तर ओळी जुळणं शक्यच नाही. ४५ अंशांत फिरवून ठेवलं, की त्याचा कर्ण सिलिकॉनच्या बाजूजवळ येतो. तरी अडचण राहतेच, कारण ऑक्सिजन आधी पोचला तर सिलिकॉनवर ती काच तयार होते आणि ओळी मोडतात. म्हणून आधी स्ट्रॉन्शियमचा विरळ थर द्यावा लागतो, एका पूर्ण थरापेक्षाही कमी. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या मॅकी, वॉकर आणि चिशोम यांनी १९९८ साली हे पहिले पाच थर कसे रचायचे ते दाखवलं. माझ्या मते ही पेरणीच आहे, आणि फार नाजूक हाताची.

आता इलेक्ट्रॉन. दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-पातळ्या सारख्या नसल्या तर इलेक्ट्रॉन वरच्या पातळीकडून खालच्या पातळीकडे जातात. जिथून गेले तिथं धन भार उरतो, दोहोंमध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं, आणि ते पुरेसं वाढलं की जाणं थांबतं. आकृतीत धुऱ्याजवळच्या ऊर्जा-पट्ट्या वाकलेल्या दिसतात त्या यामुळे. सिलिकॉन आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट यांच्यात एक मोठी खोट आहे : दोघांच्या वहन-पट्ट्या (ज्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या) जवळपास एकाच उंचीवर येतात. इलेक्ट्रॉनला अडवायला मध्ये बांधच नाही, म्हणून ३०० स्थिरांक असूनही तो गळतो. २००७ साली कारखान्यांनी हाफ्नियमचं ऑक्साइड घेतलं. त्याचा स्थिरांक लहान, पण बांध उंच.

तरीही हे काम वाया गेलं असं मी मानत नाही. पहिल्या थरात कोणता अणू बसला, ऑक्सिजनच्या जागा किती रिकाम्या राहिल्या, यावर बांधाची उंची आणि भाराची ये-जा बदलते. रिकामी राहिलेली ऑक्सिजनची जागा स्वतः इलेक्ट्रॉन देते. म्हणजे धुरा आपल्याला हवा तसा घडवता येतो. २००४ साली ओह्तोमो आणि ह्वांग यांनी लँथॅनम अॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेट, दोन्ही इन्सुलेटर, एकमेकांवर चढवले आणि मधल्या सीमेवर वीज वाहू लागली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो लेख दोनदा तपासला होता.

आता तू आलेख-कागदावर ३.९०५चा चौकोन काढ, कर्ण मोज आणि ५.४३शी ताडून पाहा. फरक किती टक्के येतो, आणि सिलिकॉनवर बसताना ऑक्साइड दाबलं जातं की ताणलं जातं, हे मला पोस्टकार्डावर कळव.