बोट ठेवून काढलेले वचन आणि रोजचा शास्त्रपाठ

पत्र : मी नगर जिल्ह्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. मला कुवेतमध्ये नोकरी चालून आली असून महिनाअखेरपर्यंत एजंटाला होकार किंवा नकार कळवायचा आहे. वडील प्रभूमध्ये निजले, आई मधुमेहाने थकली आहे आणि भाऊ पुण्यात असतो. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा बोट उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायावर पडले. तिथे देव अब्रामाला देश सोडायला सांगतो. दुसऱ्या दिवशी सदतिसावे स्तोत्र निघाले, तर त्यात ‘देशात वस्ती कर’ असे आहे. रात्रपाळीमुळे माझा रोजचा शास्त्रपाठ बुडतो. म्हणूनच देव मला स्पष्ट उत्तर देत नसेल का?

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला अधिक पोखरत असावा. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाजवळ मागावे, असे याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात सांगतो, आणि देव ते सढळ हाताने व दोष न लावता देतो, असेही त्याच वचनात म्हणतो. रात्रभर रुग्णांच्या खाटांजवळ उभे राहून घरी आल्यावर जिचा पुस्तक उघडताच डोळा लागतो, तिच्याकडे देव हजेरीपट मागत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, उद्ध्वस्त यरुशलेमेचा आक्रोश चालू असताना, परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते असे म्हटले आहे. तुमच्या विश्वासूपणाच्या आधी त्याचा विश्वासूपणा आहे, एवढे मनात पक्के धरा.

बोट ठेवून वचन काढण्याला मात्र माझी संमती नाही. दोन्ही वचने सत्य आहेत, पण एक अब्रामाला झालेली आज्ञा आहे आणि दुसरे दुष्टांची भरभराट पाहून मनात जळणाऱ्यांचे सांत्वन. तुमच्या करारपत्राविषयी दोन्हींत काही नाही. नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय काढून पाहा. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असे चौथे वचन सांगते आणि दे, असे पाचवे. ही दोन वचने कोणी नजरचुकीने शेजारी ठेवलेली नाहीत. कोणत्या प्रसंगी कोणते लागू पडते, हे ओळखण्याचा विवेक वाचकाच्या अंगी यावा, अशी त्या ग्रंथाची अपेक्षा आहे.

तो विवेक एका रात्रीत मिळू शकतो का, असे विचाराल, तर इस्राएलाचा राजा शलमोन याला गिबोन येथे स्वप्नात मिळाला होता. संपत्ती, दीर्घायुष्य किंवा शत्रूंचे प्राण न मागता त्याने न्याय करण्यासाठी समंजस मन मागितले, ही गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो. तिच्याबरोबर शास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा सतरावा अध्याय क्वचितच वाचला जातो. राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती आयुष्यभर रोज वाचावी, आणि फार घोडे, फार स्त्रिया व फार सोनेरुपे जमवू नये, असे तिथे सांगितले आहे. पुढे ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत शलमोनाचे मिसर देशाचे घोडे येतात, वर्षाला सहाशे सहासष्ट किक्कार (त्या काळचे वजनाचे माप) सोने येते, सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी येतात, आणि म्हातारपणी त्याचे मन अन्य देवांकडे वळते. मागून मिळालेले ज्ञान होते, तरी तो नेमक्या त्या तीन ठिकाणी घसरला ज्यांविषयी रोज वाचायच्या प्रतीत सावध केलेले होते. मला तर रोजच्या वाचनाचे मोल इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. त्यातून उद्याचा निर्णय छापील मिळत नाही, पण निर्णय घेणारे मन हळूहळू घडत जाते.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा सगळा भार वाहत, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम रोज थोडे थोडे करूनच झाले असले पाहिजे.

तुम्ही रात्रपाळीच्या आठवड्यांत कामावर निघण्यापूर्वी वाचा, म्हणजे झोपेशी झगडावे लागणार नाही. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय आहेत. जी तारीख, तो अध्याय. एखादा दिवस चुकला तर मागचे भरून काढू नका, त्या दिवशीच्या तारखेचाच वाचा.

नोकरीचा विचार लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्यासारखा आधी बसून खर्चाचा हिशेब करून करा. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पगार, रजा आणि कराराची मुदत लेखी मागा. आईच्या औषधांची आणि दवाखान्याच्या फेऱ्यांची जबाबदारी कोण घेईल, हे भावाशी स्पष्ट बोला, आणि पाळकसाहेबांना किंवा आखातात राहून आलेल्या एखाद्या सिस्टरना विचारा, कारण सल्लागार पुष्कळ असले म्हणजे बेत सिद्धीस जातात, हेही नीतिसूत्रांतच आहे.

तुमच्या संपूर्ण पत्रात आईचे आजारपण आहे, पण तिचे म्हणणे कुठेच नाही. तिला अजून विचारले नसेल, तर या रविवारी उपासनेनंतर तिच्याजवळ बसून आधी तिला विचारा. ती काय म्हणते ते मला कळवा. त्यानंतर आपण पुढचे बोलू.