मानेच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलंय. तयारी काय करावी, किती दिवसांत कामावर जाता येईल? घरचे म्हणतात आधी एकदा मान बसवून घे. घेऊ का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. नका जाऊ. कोण काय म्हणतंय ते म्हणू दे, मान बसवायला नका जाऊ. बाकीचं सावकाश सांगते.

मी लेडीज टेलर. तासगावच्या बाजूला २२ वर्षं ब्लाउज शिवतेय, म्हणजे २२ वर्षं मान खाली. मान दुखायचीच. बाम चोळायचा, पट्टा बांधायचा आणि मशीनवर बसायचं. पण एका लग्नसराईत सुईत दोरा ओवेना. वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा केला. दोरा लख्ख दिसतोय, सुईचं नेढं लख्ख दिसतंय, आणि बोटं जागेवर जात नाहीत. मग हूक लावताना चिमटीतून निसटायला लागले. संध्याकाळी केर काढताना सुपलीत धुळीपेक्षा हूक जास्त.

त्यात आमचे मोठे भाऊजी. "मानेच्या ऑपरेशनने माणूस लुळा होतो," हे त्यांचं ठाम मत. कुणाचं झालेलं बघितलं, ते मात्र आजवर सांगितलेलं नाही. त्यांच्या ओळखीतला एकजण हाडं बसवतो. मला पाटावर बसवलं, दोन्ही कानांवर तळवे ठेवले, गाव कुठलं, माहेर कुठलं विचारत विचारत कचकन मान फिरवली. कट्‌ आवाज आला. भाऊजी म्हणाले, "बसली!" ५०० रुपये दिले. त्या रात्री हलकं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवसापासून मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट जायला लागला. आणि मान खाली घातल्याशिवाय मशीन चालत नाही.

शेवटी मिरज. डॉक्टरांनी एमआरआयचं पाकीट उघडायच्या आधी माझं मधलं बोट धरलं आणि त्याच्या नखाला टिचकी दिल्यासारखं केलं. माझा अंगठा आपोआप आत वळला. मी वळवला नव्हता. मग म्हणाले, १० सेकंद मूठ भराभर उघडा-मिटा. धडधाकट माणसाची २० वेळा तरी होते. माझी ११. ज्या हातांनी एका दिवसात सहा ब्लाउज उतरवलेत, त्या हातांची ११.

तेव्हा कळलं की नस दबणं वेगळं आणि मज्जारज्जू दबणं वेगळं. सी५-सी६च्या, म्हणजे मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या, मधली गादी बाजूला सरकून नुसती नस दाबत असेल तर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत कळ येते, मुंग्या येतात, जीव नकोसा होतो. पण बऱ्याच जणांचं ते गोळ्या आणि व्यायामावर काही आठवड्यांत ओसरतं. गादी मागे मज्जारज्जूवर बसली तर दुखणं कमीसुद्धा असतं, पण हातातली कला जाते, चालताना तोल जातो, पुढे लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. तुमचं यातलं कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना पहिल्यांदा तेच विचारा. आणि दबलेल्या मज्जारज्जूला तसा झटका द्यायचा म्हणजे काय, ते भाऊजींनी सांगावं. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात. झटक्याने त्या आतून फाटून लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेता ना, तेही आजपासून बंद.

आता तयारी. तिथे "तंबाखू खाता का?" विचारलं तेव्हा मी तोऱ्यात "नाही" म्हटलं. भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात सिस्टरने माझे दात बघितले आणि हळूच विचारलं, "मावशी, मिश्री लावता?" लग्नाआधीपासून लावत होते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण आमच्याकडे बायकांना ते व्यसन वाटतच नाही. निकोटिनने हाड नीट जुळत नाही, आणि या ऑपरेशनमध्ये गादी काढून दोन मणके एकमेकांना जुळवायचे असतात. डबी त्याच दिवशी मोरीत रिकामी केली. पहिला आठवडा मानेपेक्षा डोकं जास्त दुखलं. तुम्ही विडी, गुटखा, मिश्री जे काही घेत असाल ते लपवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधी बंद करायची ते डॉक्टरांकडूनच घ्या, साखर आटोक्यात आणा. पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

आणि कपडे. डोक्यातून घालायचे कपडे चालत नाहीत, म्हणून मी हौसेने पुढून बटणांचे चार गाऊन शिवले. घालून बघितला तर एक बटण काजात जाईना. जमलं असतं तर ऑपरेशनच कशाला लागलं असतं! मुलीने सगळी बटणं काढून वेलक्रो लावलं. घरात रोजचे डबे फळीवरून ओट्यावर आणा, वर हात करून डबा काढायची वेळ येऊ देऊ नका.

ऑपरेशन पुढून केलं, गळ्याच्या घडीत. बारीक रेघ आहे, मंगळसूत्राखाली झाकते. श्वासनळी आणि अन्ननलिका बाजूला सारून आत जातात, त्यामुळे नंतर गळ्याचे हाल. पहिले आठ-दहा दिवस पेज आणि गुरगुट्या भातावर काढले, भाकरीला तिसरा आठवडा उजाडला. आवाज घोगरा. गिऱ्हाईकं फोनवर विचारायची, "काकी नाहीत का घरात?" खवाट्यांच्या मध्ये ठणका लागतो तोही होतोच, घाबरायचं नाही. पण गळा फुगला, श्वास घ्यायला जड जायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

दुसऱ्या दिवशी चालवलं. मला सहा आठवडे कॉलर होती. काही डॉक्टर देतच नाहीत, त्यावरून कुणाशी तुलना करू नका. पाण्याची कळशी उचलायची नव्हती, आणि हे सासूबाईंना पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. हातशिलाईला सहा आठवड्यांनी बसले, तेही कापड उशीवर उंच धरून. मशीनवर तीन महिन्यांनी, अर्धा-अर्धा तास. तुमचं काम खुर्चीतलं असेल तर लवकर जमेल, ओझ्याचं असेल तर माझ्यापेक्षाही उशीर लागेल. काय काम करता तेही तुम्ही लिहिलेलं नाही.

उजवा अंगठा अजून बधिर आहे. हे मला आधीच सांगितलं होतं: जे गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही, पुढचं जायचं थांबवण्यासाठी करतोय. भाऊजी दर सणाला विचारतात, "मग काय फरक पडला?" मूठ आता १० सेकंदांत १९ वेळा होते. दोरा ओवायला दोनदा प्रयत्न लागतात, पण ओवला जातो.

मी डॉक्टर नाही. त्या माणसाने मान फिरवल्यामुळेच बिघडलं, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले नाहीत, गादी आधीच सरकलेली होती. तुमचं नुसतं नसेचं असेल आणि हाताची ताकद जात नसेल, तर दुसऱ्या एखाद्या मणक्याच्या डॉक्टरला दाखवून मगच तारीख पक्की करा, घाई नसते.

भाऊजी असलं काही वाचत नाहीत. पण त्यांचा मुलगा दिवसभर फोनवरच असतो. दाखव रे बाबा त्यांना.