शिक्षण परिषदेत एआयवर अर्धा तास बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहात, केंद्राच्या शिक्षण परिषदेत एआयवर बोलायचंय आणि समोर निम्मे जण निवृत्तीला आलेले, असं लिहिलंय. मी परभणीकडे शिकवतो. गेल्या वर्षी हेच काम माझ्यावर आलं होतं.

पीपीटी राहू द्या. शिक्षकांना जे पक्कं ठाऊक आहे, तेच एआयला सगळ्यांसमोर विचारा. मी चौथीसाठी मराठवाडा मुक्तिसंग्रामावर उतारा मागितला. भाषा झकास, शुद्धलेखन चोख, आणि मजकूर काय, तर १५ ऑगस्ट १९४७ ला मराठवाडा स्वतंत्र झाला! मागच्या बाकावरचे एक गुरुजी ताडकन उठले, "अहो, तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं! आपण सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला." दरवर्षी त्या तारखेला झेंडावंदन करणाऱ्यांना चूक दाखवावी लागली नाही. तिथंच मी सांगितलं, हे यंत्र मुळात शिकलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं. म्हणून चुकतानाही अडखळत नाही.

मग उपयोग दाखवा, नाहीतर लोक घाबरूनच घरी जातील. मोंढ्यावर विकलेल्या सोयाबीनच्या पोत्यांचं एकच उदाहरण दुसरी, तिसरी आणि चौथीसाठी वेगवेगळं करून मागा. द्विशिक्षकी शाळेवरच्या माणसाला याची किंमत लगेच कळते. उत्तरं मात्र स्वतः सोडवून बघायची.

एका गोष्टीवर हट्ट धरा. आमच्यातल्या एक मॅडम उत्साहानं वर्गाची यादी आधार क्रमांकासकट त्यात टाकायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाला कोण विचारायला जाणार? "एक विद्यार्थी जोडाक्षरांना अडतो" एवढं लिहिलं तरी काम भागतं.

निबंध एआयनं लिहिला का हे सांगणाऱ्या साइटवर विसंबून कुणा पोराला चोर ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं तसलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. पोराला जवळ बसवून "ही ओळ का लिहिलीस?" विचारा, दोन मिनिटांत कळतं.

आणि एआयचं उत्तर दर वेळी बदलतं, त्यात रेंजचाही भरवसा नसतो. चुकलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेवा.