नाशिकसारखं शांत काही विदर्भात? मोहाच्या दिवसांत अर्जुनी मोरगावकडे या

ताई, तुम्ही विचारून राहिल्या की नाशिकच्या वायनऱ्यांमध्ये आता शनिवार-रविवार पाय ठेवायला जागा नसते, तर मार्च-एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन विदर्भातच तसं काही निवांत आहे का. द्राक्षाचे मळे, ग्लास फिरवत फोटो वगैरे पाहिजे असेल तर नाशिकच बरं बाप्पा. पण ज्या फुलाची दारू इकडं पिढ्यान्पिढ्या निघते त्या मोहाचा मुलूख पाहायचा असेल तर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध भागात या, सीझन नेमका तुमच्याच तारखांना असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, दहा वाजता नाश्ता करून निघाल्या तर काहीच दिसणार नाही. मोह पहाटे गळतो. पानं आधीच झडलेली असतात, फांद्यांच्या शेंड्याला फुलांचे झुपके, आणि उजाडता उजाडता टप टप सुरू होतं. फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या नाही, फिकट पिवळट, रसानं भरलेला पोकळ गोळा, बोटात दाबला की हात चिकट. वास पहिल्यांदा उग्रच वाटते, काहींना तर मळमळते. घरची सगळी मंडळी टोपल्या घेऊन खाली बसलेली असतात, लहान पोरंसुद्धा, आणि ऊन चढायच्या आत वेचून संपवायचं असते. मग अंगणात वाळवतात, चार-पाच दिवसांत तेच फूल लालसर तपकिरी मनुक्यासारखं होते. ऐन वेळी अवकाळी आला की माल काळा पडतो, भाव जातो, तेव्हा असं काही दिसलं तर फोटो काढत फिरू नका, घरच्यांची डोकी फिरलेली असतात.

कुठलं झाड कोणाचं हे गावात ठरलेलं असते, जंगलातलं असलं तरी. त्यामुळं मूठभरही उचलायची तर विचारून. पहाटे एकट्यानं जंगलात शिरू नका, अस्वलाला मोह तुमच्याआमच्यापेक्षा जास्त आवडते आणि याच दिवसांत हल्ले होतात, गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या सकाळचे पैसे द्या, त्याची वेचणी बुडते ना. झाडाखाली पाला जाळलेला दिसेल, फुलं नीट दिसावी म्हणून जाळतात, पण वणवे यातूनच लागतात, वनविभाग त्याऐवजी फुलं झेलायला झाडाखाली जाळ्या लावा म्हणते.

आता दारू. हातभट्टीची मागू नका, बेकायदेशीर आहे आणि पाजणारा अडकतो, तुम्ही नागपूरला निघून जाता. इथून खाली वडसा-कुरखेड्याकडे गेलात की गडचिरोली जिल्हा लागते, तिथं १९९३ पासून दारूबंदी आहे, गाडीत बाटली ठेवून हद्द ओलांडू नका. नुसत्या फुलांचं तसं नाही, त्यांच्या वाहतुकीवरची बंधनं सरकारनं २०२१ मध्ये उठवली, तेव्हा वाळलेली फुलं घरी नेता येतात. भाकर, लाडू करतात त्याचे. कुणाच्या घरी जेवायची सोय झाली तर मोहाची भाकर आवर्जून सांगा, आईबाबांनाही चालेल.

यायला नागपूरहून भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. रेल्वेनं गोंदिया-बल्लारशा लाइनवर अर्जुनी स्टेशन आहे, पण गाड्या कमी, परतीची वेळ आधी बघून ठेवा. मुक्काम नवेगावबांधलाच करा, तलाव जवळ आहे. तो जुना, कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला, आणि या भागात गावोगाव असे तलाव दिसतील, धानाची शेती त्यावरच चालते. सकाळी नऊनंतर ऊन मारते, एप्रिलमध्ये चाळीसच्या वर, म्हणून पहाटेचा फेरा झाला की दुपारी रूमवर झोपा, संध्याकाळी तलावाकडे जा. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर जंगलात नेऊ नका, गावाच्या धुऱ्यावरही मोहाची झाडं भरपूर असतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघा, आणि त्याआधी तिथल्या कोणाला फोन करून मोह गळायला लागला का हे नक्की विचारा, दरवर्षी तारीख मागंपुढं होते.