फेसलिफ्ट, बोटॉक्स आणि लेसर एकाच दिवशी?

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे आहे. मुलीचे लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले आहे. गाल ओघळून जबड्याची कड दिसेनाशी झाली आहे, कपाळावर आठ्या पडतात आणि दोन्ही गालांवर वांग आहेत. दोन वर्षांपूर्वी गालांत फिलर (गाल भरण्याचे इंजेक्शन) घेतले होते. येत्या महिन्याभरात फेसलिफ्ट, बोटॉक्स आणि लेसर हे सगळे एकाच दिवशी उरकता येईल का? रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी मिशरी लावण्याची जुनी सवय आहे.
— एक वाचक, सातारा (जून)

उत्तर : या तिन्ही उपचारांची नावे एका दमात घेतली जातात, म्हणून ते एकाच कामाचे वाटतात, प्रत्यक्षात तुमच्या तीन तक्रारी चेहऱ्याच्या तीन वेगळ्या थरांतल्या आहेत. गाल ओघळतात ते मुख्यतः कातडीखालचा, स्नायूंना वेढणारा पडदा सैल झाल्यामुळे. फेसलिफ्टमध्ये कानाभोवती छेद घेऊन तो पडदा वर ओढून टाके घालतात आणि उरलेली कातडी काढून टाकतात. आठ्या स्नायूंच्या आकुंचनामुळे पडतात, म्हणून तेथे स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन लागते. वांग हा रंगाचा दोष असल्यामुळे कातडी कितीही ताणली तरी तो तसाच राहतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच बोटॉक्स देणे अशक्य नाही. पण त्याचा परिणाम साधारण तीन ते चार महिनेच टिकतो, त्यामुळे जुलैत घेतलेले इंजेक्शन लग्नाच्या वेळी उतरणीला लागलेले असेल. पूर्ण परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, हे धरून ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला घ्यावे. गाल भरायचे असतील तर पोटावरची स्वतःची चरबी फेसलिफ्टच्याच वेळी भरता येते. जुन्या फिलरची माहिती मात्र शल्यविशारदांना आधी द्या. दोन वर्षे झाली म्हणून ते पूर्ण विरले असेल, असे गृहीत धरू नका. ते हायल्युरॉनिक आम्लाचे असेल तर गरजेप्रमाणे इंजेक्शनने विरघळवता येते.

त्याच दिवशी गालांवर लेसर करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालच्या थरापासून सुटी केली जाते आणि काही काळ तिचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. अशा कातडीला वरून खोल भाजले तर ती मरण्याची भीती असते. शिवाय आपल्या सावळ्या वर्णावर लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका असतो आणि वांग कधी कधी उलट गडद होतात. वांगांसाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मलम आणि न चुकता सनस्क्रीन, एवढेच आजपासून सुरू करा. लग्नाच्या तोंडावर लेसरचा प्रयोग नको.

आता मिशरीबद्दल. धूर निघत नाही म्हणून ती निरुपद्रवी, असा समज घराघरांत आहे, परंतु तिच्यातही निकोटिन असते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कानामागची कातडी काळी पडून झडू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस मिशरी पूर्ण बंद हवी. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, कारण दाब वाढला की कातडीखाली रक्त साचते. फेसलिफ्टनंतरची ही नेहमीची गुंतागुंत असून ती बहुधा पहिल्या चोवीस तासांतच दिसते. ॲस्पिरिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सूज आणि निळसरपणा दोन-तीन आठवड्यांत बराच ओसरतो, पण कानाभोवतीची बधिरता आणि चेहऱ्याचा ताठरपणा जायला काही महिने लागतात. त्यामुळे शस्त्रक्रिया ऑगस्टच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, आणि ती प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. तेवढ्या मुदतीत मिशरी सुटली नाही, तर लग्नासाठी नोव्हेंबरमधल्या बोटॉक्सवर भागवा आणि फेसलिफ्टचा विचार लग्नानंतर करा.