जपानमधील बुलेट ट्रेनना मुलींची नावे दिलेली असतात का? त्या नावांचे अर्थ काय?

हिकारी, नोझोमी, साकुरा, मिझुहो ही नावे शिन्कान्सेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेन, गाड्यांचीही आहेत आणि जपानी मुलींचीही, हे खरे आहे. मात्र गाड्यांना मुलींची नावे दिली, असे म्हणता येणार नाही. ज्या जुन्या, अस्सल जपानी शब्दांतून आईवडील मुलांची नावे निवडतात, त्यांतूनच रेल्वेनेही आपली नावे उचलली आहेत. व्यक्तीवरून आलेले ठळक नाव म्हणजे अकिताला जाणारी ‘कोमाची’. नवव्या शतकातील कवयित्री ओनो नो कोमाची हिचा जन्म त्याच भागात झाला, अशी आख्यायिका आहे.

‘कोदामा’ म्हणजे पडसाद. हे नाव प्रथम १९५८ साली तोक्यो–ओसाका एक्सप्रेसला मिळाले, कारण त्या गाडीमुळे दुसऱ्या शहरात जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य झाले होते. १९६४ साली शिन्कान्सेन सुरू झाली, तेव्हा सर्व स्थानकांवर थांबत पाच तासांत पोहोचणारी गाडी ‘कोदामा’ राहिली आणि मोजके थांबे घेत चार तासांत पोहोचणारी ‘हिकारी’, म्हणजे प्रकाश, ठरली. ध्वनीपेक्षा प्रकाश वेगवान, हा हिशेब मला फार आवडतो. अडचण आली ती १९९२ साली, कारण प्रकाशाहून वेगवान गाडीला नाव काय द्यायचे? अखेर निवडले गेले ‘नोझोमी’, म्हणजे आशा. आशेसाठी जपानीत ‘किबो’ हा चिनी वळणाचा शब्दही आहे, पण गाड्यांच्या नावांची परंपरा देशी शब्दांची असल्यामुळे ‘नोझोमी’ला पसंती मिळाली.

बाकीची बरीच नावे पक्षी, डोंगर आणि नद्या यांची आहेत. ‘हायाबुसा’ म्हणजे बहिरी ससाणा, तर मात्सुमोतोकडे जाणारी ‘आझुसा’ ही साधी एक्सप्रेस, आपल्या इंद्रायणी किंवा कोयनेप्रमाणे, नदीच्या नावाची आहे आणि आझुसा नावाच्या मुलीही असतात. ‘आसाही’ हे नाव मात्र २००२ साली बंद करावे लागले, कारण ‘आसामा’ ही दुसरी गाडी समजून प्रवासी चुकीच्या गाडीत बसत असत.

माणसांच्या नावांचा अर्थ सांगणे याहून अवघड आहे. शिन्कान्सेनची नावे हिरागाना लिपीत, म्हणजे केवळ उच्चारानुसार लिहिली जातात, तर माणसांची नावे बहुधा कांजी चिन्हांत लिहिली जातात आणि प्रत्येक चिन्हाला स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे एका साकुराच्या नावात चेरीचे झाड असते, तर दुसरीच्या नावात ‘उमलणे’ आणि ‘चांगले’ अशी दोन चिन्हे असतात व चेरीचा मागमूसही नसतो. हारुका नावाची एक मुलगी ‘दूरवर’ असते, तर दुसरी ‘वसंताचा सुगंध’. नावासाठी कायद्याने सुमारे ३,००० कांजी चिन्हे मान्य आहेत. त्यांचा उच्चार मात्र पालकांवर सोपवलेला असे, आणि कुटुंबनोंदणीत तो लिहिलाही जात नसे. उच्चार नोंदवण्याची तरतूद मे २०२५ मध्ये लागू झाली. चिन्हांवरून उच्चार नक्की कळत नसल्यामुळेच अनोळखी नाव वाचताना जपानी माणूससुद्धा अडखळतो, आणि ओळख करून देताना आपले नाव कोणत्या चिन्हांनी लिहितात, हे आवर्जून सांगतो.

तेव्हा गाडीच्या नावाचा अर्थ निव्वळ उच्चारावरून सहसा सांगता येईल, पण आपल्या ओळखीच्या एखाद्या नोझोमीच्या नावाचा अर्थ हवा असल्यास ती ते कसे लिहिते, हे तिलाच विचारावे लागेल.