१९६५ च्या सुमारास अमेरिकन हायस्कूलमध्ये शिक्षक आणि वर्ग कसे असायचे? एका कथेचा अनुवाद करताना अडलंय.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी अडल्या आहेत: तास संपल्यावर शिक्षक वर्गातच का थांबतात, परीक्षेचा कागद हातात येताच सगळी मुलं तो नाकाला का लावतात, आणि नायक लॉकरशी एवढा का झटतो. पहिली गोष्ट नीट लक्षात आली की इतरही बऱ्याच गाठी सुटतील, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे वर्ग मुलांचा असतो. 'नववी ब'ची खोली ठरलेली, बाक ठरलेले, आणि दर तासाला शिक्षक बदलतात. अमेरिकन हायस्कूलमध्ये खोली शिक्षकाची. फळा, कपाट, भिंतीवरचे नकाशे, टेबलाचा खण, सगळं त्या एका माणसाचं. घंटा झाली की मुलं उठून दुसऱ्या शिक्षकाच्या खोलीत जातात. त्यामुळे 'बाई वर्गात आल्या आणि मुलं उभी राहिली' हे वाक्य तिथे बसतच नाही. बाई आधीपासून आतच असतात, बहुतेकदा दाराशी उभ्या राहून आत येणाऱ्यांकडे लक्ष ठेवत.

असं का, तर प्रत्येक मुलाचे विषय वेगळे. सहसा नववी ते बारावी अशी चार वर्षं, आणि पदवीसाठी विषयवार क्रेडिट गोळा करायचे. त्याचं माप १९०६ मध्ये ठरलेलं 'कार्नेगी युनिट': एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. म्हणून दहावीतला मुलगा भूमितीला एका गटाबरोबर बसतो आणि टायपिंगला दुसऱ्याच. 'माझ्या वर्गातली मुलगी' असं मूळात आलं तर ती त्या एका तासापुरतीच सोबत असू शकते, हे लक्षात ठेवा. नापास होणंही विषयापुरतंच: बीजगणितात 'एफ' मिळाला तर तेवढाच विषय उन्हाळी शाळेत किंवा पुढच्या वर्षी पुन्हा. 'वर्ष वाया गेलं' असं भाषांतर सहसा चुकेल.

दिवसात सहा-सात तास, प्रत्येकी पन्नासेक मिनिटांचे. दोन तासांमध्ये चार-पाच मिनिटं. आपल्यासारखी सगळ्या शाळेची एक मधली सुट्टी नसते. जेवण पाळ्यांमध्ये, कॅफेटेरियात, वीस-तीस मिनिटांत उरकायचं. सकाळी दहा-पंधरा मिनिटं 'होमरूम': हजेरी, ध्वजाकडे तोंड करून छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा, आणि भिंतीवरच्या लाउडस्पीकरमधून सूचना. सूचनावही घेऊन फिरणारा शिपाई तिथे नाही, तेव्हा तो अनुवादातही घुसू देऊ नका. गैरहजर मुलांची नावं लिहिलेली चिठ्ठी शिक्षक दाराबाहेरच्या चिमट्याला लावतात आणि ऑफिसमध्ये मदत करणारा एखादा विद्यार्थी ती गोळा करून नेतो. तास चालू असताना बाहेर जायचं तर 'हॉल पास' लागतो: वेळ आणि सही असलेली चिठ्ठी, किंवा खोलीचा नंबर लिहिलेला लाकडाचा ठोकळा. त्याशिवाय कॉरिडॉरमध्ये सापडलं तर शाळा सुटल्यावर थांबायची शिक्षा.

आता लॉकर. त्या काळी पाठीवर दप्तर नव्हतं. पुस्तकं हातात, मुली छातीशी धरायच्या, मुलगे कमरेशी. म्हणून दोन तासांच्या मधल्या त्या चार मिनिटांत लॉकर गाठून पुस्तकं बदलायची. कुलूप आकड्यांचं, तबकडीवर ० ते ३९. आधी उजवीकडे तीन फेरे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे वळवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर. मग सरळ उजवीकडे तिसऱ्यावर, आणि कडी ओढायची. घाईत तबकडी आकड्यापुढे सरकली की मागे आणून भागत नाही, कारण आतल्या चकत्या जागेवरून हललेल्या असतात. पुन्हा पहिल्यापासून. नायक झटतोय तो याच्याशी. नवीन मुलांचं हमखास चुकतं ते डावीकडचा पूर्ण फेरा विसरल्यामुळे.

कागद हुंगण्याचं कारण म्हणजे डिट्टो मशीन, परीक्षेच्या कागदांच्या प्रती काढायचं यंत्र. यासाठी 'सायक्लोस्टाइल' हा शब्द वापरायचा मोह होईल, पण ते यंत्र वेगळं. सायक्लोस्टाइलमध्ये मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई झिरपते, प्रत काळी येते आणि हजारो निघतात. डिट्टोत शाईच नसते. मास्टर म्हणजे दोन जोडलेले कागद: वरचा साधा, खालचा जांभळ्या मेणाचा, आणि मध्ये संरक्षणाला एक पातळ कागद. शिक्षक तो पातळ कागद काढून वरच्यावर टाइप करतात किंवा बॉलपेनने दाबून लिहितात. दाबामुळे खालचं मेण वरच्या कागदाच्या पाठीला उलट्या अक्षरांत चिकटतं. मग वरचा कागद फाडून घेऊन, मेणाची बाजू बाहेर ठेवून ड्रमवर अडकवायचा आणि हँडल फिरवायचं. आत जाणारा प्रत्येक कोरा कागद मेथनॉल आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल असलेल्या द्रवाने किंचित ओला होतो, मेणातला रंग थोडासा विरघळवतो आणि अक्षरं सुलट उमटतात, जांभळी. नुकतेच छापलेले कागद वर्गात वाटले की ते अजून गार, दमट असतात आणि त्यांना अल्कोहोलचा गोडसर वास येतो. मुलं हुंगायची तो हाच वास.

बिघडायचं तेही ठरलेलं. मधला पातळ कागद काढायचा राहिला तर तासभर टाइप केलेलं सगळं फुकट, मास्टर कोराच. द्रव जास्त सोडला तर अक्षरं पसरतात आणि मास्टर लवकर संपतो, कमी सोडला तर वाचता येत नाही. चूक झाली तर पाठीमागचं मेण ब्लेडने खरवडायचं, न वापरलेल्या मेणकागदाचा तुकडा मागे ठेवून तेवढंच अक्षर पुन्हा मारायचं. प्रत्येक प्रतीला थोडा थोडा रंग खर्च होतो, म्हणून साध्या मास्टरच्या पहिल्या पन्नासेक प्रती ठसठशीत, शंभराच्या पुढे फिक्या. ज्या शिक्षकाला दिवसात तीस-तीस मुलांचे पाच तास, त्याला दीडशे प्रती लागणार. एकाच मास्टरवर भागवलं तर शेवटच्या गठ्ठ्यातल्यांना डोळे ताणून वाचावं लागायचं. शिक्षकांची बोटं जांभळी असायची. मूळ कथेत 'पर्पल' शब्द शिक्षकांच्या हाताशी आला असेल तर तो हा डाग. या वासाकडे गंमत म्हणूनच बघू नये असं मला वाटतं: मेथनॉल विषारी आहे, आणि कोंदट खोलीत तासन् तास हे यंत्र चालवणाऱ्या मदतनिसांना डोकेदुखी आणि अंधुक दिसण्याचा त्रास होतो, हे पुढे १९८० च्या दशकातल्या तपासणीत दिसून आलं.

काही छोटे शब्द. 'बाक' नको, एकेकट्याचं डेस्क असतं, बरेचदा खुर्चीला उजव्या हाताशी फळी जोडलेलं, त्यामुळे डावखुऱ्यांचे हाल. शिक्षकांना आडनावाने हाक: मिस्टर अमुक, मिसेस किंवा मिस तमुक. 'मिझ' (लग्न झालंय की नाही हे न सांगणारं संबोधन) १९७० च्या दशकात रुळलं, १९६५ मध्ये घालू नका. नुसतं 'सर', 'मॅम' दक्षिणेकडच्या राज्यांत जास्त. मी तरी 'मिस्टर'च ठेवेन. 'सर' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच आपलीच शाळा उभी राहते.

शाळेचा वचक किती होता तेही कळायला हवं. मुलींना स्कर्ट किंवा फ्रॉकच, पँट नाही. मुलग्यांचे केस कॉलरला टेकता कामा नयेत. बऱ्याच राज्यांत लाकडी फळीने मारणं कायदेशीर होतं, आणि १९७७ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं नाही. डिसेंबर १९६५ मध्येच आयोवातल्या डे मॉईन इथे व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून आलेल्या मुलांना घरी पाठवलं गेलं. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांची बाजू घेतली ती १९६९ मध्ये. शिक्षिकांनाही मोकळीक नव्हतीच. क्लीव्हलँडमध्ये गरोदर शिक्षिकेला बाळंतपणाच्या पाच महिने आधी बिनपगारी रजेवर जावंच लागे. असे नियम १९७४ मध्ये रद्द झाले. तुमच्या कथेतली शिक्षिका मध्येच, काही न सांगता दिसेनाशी होत असेल तर ही शक्यता तपासा.

सगळ्यात आधी मात्र कथेतलं राज्य शोधून काढा. काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा घटनाबाह्य असल्याचा निकाल १९५४ चा, पण खोल दक्षिणेत १९६५ मध्येही बहुसंख्य काळी मुलं फक्त काळ्यांच्याच शाळेत होती. खरी उलथापालथ १९६८ ते १९७० या काळातली. कथा मिसिसिपी किंवा अलाबामातली असेल आणि लेखकाने रंगाचा उल्लेखच केला नसेल, तर वर्गातली सगळी मुलं आणि शिक्षक जवळपास नक्की एकाच रंगाचे आहेत. शाळा काळ्यांची असेल तर पुस्तकं बरेचदा गोऱ्यांच्या शाळेतून टाकून दिलेली, पहिल्या पानावर आधीच्या मुलांची नावं असलेली. 'जुनं पुस्तक' एवढंच लिहिलेलं असेल तिथे हे लक्षात ठेवून शब्द निवडा.